चेहरा आणि डाग

आपला चेहरा नीट टिपून घ्या, तेच तुमचे भांडवल आहे, असा सल्ला हल्ली शिकलेल्या तरुणांना सगळीकडून मिळतो. नोकरी शोधणाऱ्याने, व्याख्याने देणाऱ्याने, पुस्तक छापणाऱ्याने, लहानसा धंदा मांडणाऱ्यानेसुद्धा चांगल्या फोटोग्राफरकडून खांद्यापर्यंतचे छायाचित्र काढून घ्यावे. पार्श्वभूमी साधी असावी, उजेड मऊ असावा, अंगावर कोट असावा, ओठांवर बेताचे हसू असावे. अशा छायाचित्राला 'हेडशॉट' म्हणतात आणि त्याच्या आधाराने जे उभारायचे त्याला 'पर्सनल ब्रँड'. सल्ला वरवर निरुपद्रवी आहे. अर्ज करणाऱ्याने नीटनेटके दिसू नये असे कोण म्हणेल? परंतु ज्यांच्या चेहऱ्यावर या देशाने शतकानुशतके दुसऱ्यांची मालकी सांगितली, त्यांनी हा सल्ला तपासून घेतल्याशिवाय उचलू नये. चेहरा कोण टिपतो, कोणासाठी टिपतो, आणि टिपून झाल्यावर तो कोणाच्या ताब्यात राहतो, या तीन प्रश्नांची उत्तरे हा सल्ला देत नाही. ती आपली आपल्यालाच शोधावी लागतात.

प्रथम 'ब्रँड' हा शब्दच पाहू. इंग्रजीत तो मुळात जळत्या लाकडाचा आणि तापवलेल्या लोखंडाचा शब्द आहे. गुरे कोणाची हे कळावे म्हणून त्यांच्या कातडीवर भाजून जी खूण उमटवीत, ती ब्रँड. अमेरिकेत गुलामांच्या अंगावरही अशा खुणा उमटविल्या गेल्या. मराठीत आपण त्याला डाग म्हणतो. डाग देणारा एक असतो आणि डाग सोसणारा दुसरा. आमच्याकडे लोखंड तापविण्याची गरज पडली नाही. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी 1936 साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात नोंदविले आहे. माणूस दिसताक्षणी तो कोण हे कळावे आणि त्याच्याशी कसे वागायचे हे न बोलता ठरावे, हेच त्या झाडू-मडक्याचे काम होते. बाजारातील ब्रँडचे कामही याहून वेगळे नाही. तेव्हा 'स्वतःचा ब्रँड घडव' असे दलित तरुणाला सांगणारा एक गोष्ट विसरतो. त्याला ब्रँड जन्मासोबतच मिळालेला असतो. त्याच्यापुढचा खरा प्रश्न असा की तो डाग झाकायचा, की डाग देणाऱ्याच्या हातातले लोखंड काढून घ्यायचे?

*

हा प्रश्न केवळ शहराचा नाही. तो नीट समजून घ्यायचा तर नंदुरबार जिल्ह्यात जावे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरांत सुमारे 69 माणसे अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे हे लोक. 1973 च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात आदिवासींनाही घेतले होते, याची आठवण इथे ठेवली पाहिजे. याच जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पहिला क्रमांक मिळाला तो एका कष्टकरी बाईला. तिचे नाव आणि तिचा चेहरा दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांतून छापून आला. मी इथे ते नाव देत नाही. दुसऱ्यांच्या मजकुराला वजन यावे म्हणून ते पुष्कळ वापरून झाले आहे.

ब्रँडच्या शास्त्राप्रमाणे पाहिले तर त्या बाईचे नशीब उघडायला हवे होते. प्रधानमंत्र्यांसोबत छायाचित्र! याहून मोठी प्रसिद्धी ती कोणती? पण पुढे वर्षानुवर्षे बातमीदार टेंभलीला गेले आणि कार्ड हाती आले तरी हाताला काम आले नाही, अशाच आशयाच्या बातम्या घेऊन परतले. चेहरा तिचा, बळकट झाले ते योजनेचे नाव. जाहिरातीत मॉडेलला निदान मोबदला मिळतो.

आधारसाठी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. खुर्चीवर बसायचे, समोर बघायचे, झाले. ते छायाचित्र त्या माणसाला आवडले का हा प्रश्न त्या खोलीत उद्भवतच नाही, कारण ते त्याच्यासाठी काढलेलेच नसते. ते यंत्रासाठी असते. आणि यंत्राची गंमत अशी की दगड-माती उचलून, कापणी-खुरपणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचेच ठसे ते ओळखत नाही. रेशन दुकानावर बोट पुन्हा पुन्हा टेकवून रिकाम्या पिशवीने परतलेली माणसे हा देशभरचा अनुभव आहे. ज्या श्रमाने माणूस घडला त्या श्रमानेच तो अनोळखी ठरावा, यापेक्षा क्रूर थट्टा कोणती?

रोजगार हमीचेही तेच झाले. 1972 च्या दुष्काळात उभी राहिलेली आणि 1977 च्या कायद्याने पक्की झालेली ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली. माणसाने काम मागायचे आणि सरकारने ते द्यायचे, हा तिचा गाभा. पुढे तिच्या धर्तीवर देशाचा कायदा झाला, आणि 1 जानेवारी 2023 पासून त्या कायद्याखालच्या सार्वजनिक कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र काढून मोबाइलवरून पाठविणे सक्तीचे करण्यात आले. सातपुड्याच्या घड्यांत मोबाइलला रेंज मिळणे किती कठीण, हे अक्राणी-अक्कलकुव्याच्या माणसाला सांगायला नको. फोटो गेला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. खोदलेला खड्डा समोर असतो, पण साक्ष फोटोची लागते.

याच जिल्ह्यातील काठीची होळी प्रसिद्ध आहे. मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू, अंगावर रंगाचे ठिपके असे पुरुष रात्रभर नाचतात. ते नवस फेडीत असतात, त्यांना कडक पथ्ये पाळावी लागतात. त्यांच्याभोवती शहरातून आलेल्या कॅमेऱ्यांचे कडे पडते. त्यातील एखादे छायाचित्र दिवाणखान्यात लागते, एखाद्याला बक्षीस मिळते. खाली फोटोग्राफरचे नाव असते. ज्याचा चेहरा आहे त्याच्यासाठी 'आदिवासी नर्तक' एवढे दोन शब्द पुरेसे समजले जातात. त्याला गाव नाही, नाव नाही, मत नाही.

ही रीत आजची नव्हे. 1868 ते 1875 या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड काढले. त्यांत या देशातील जाती-जमातींची चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. माणसे समोर उभी केली, टिपली, आणि खाली जमात व तिचा 'स्वभाव' लिहिला. त्याच काळात, 1871 साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. चेहरा टिपणे आणि चेहऱ्यावर संशय ठेवणे ही दोन्ही कामे एकाच राज्यकर्त्याच्या हातून, हातात हात घालून चालली. 1952 साली तो कायदा गेला, संशय मात्र गेला नाही.

मराठीत 'ओळख' या शब्दाचे दोन वापर आहेत. ओळख पटणे वेगळे आणि ओळख होणे वेगळे. ओळख पटते ती मुद्देमालाची, प्रेताची, आरोपीची. ओळख होते ती माणसाची माणसाशी. वर सांगितलेल्या चारही छायाचित्रांत ओळख पटते किंवा पटवून घेतली जाते. ओळख होत नाही. 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल कार्यकर्ता पुढे आला, तेव्हा लढा जमिनीचा होता. कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हा त्या लढ्याचा मूळ सल होता. चेहऱ्याच्या बाबतीतही आज तेच विचारले पाहिजे. चेहरा आमचा, पण त्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

*

मग आपण छायाचित्राकडे पाठच फिरवायची का? तसे म्हणणे इतिहासाशी बेइमानी ठरेल. कारण दलितांच्या घराघरात जी गोष्ट हमखास असते ती एक छायाचित्रच आहे. कोट, टाय, चष्मा, खिशाला पेन आणि सरळ समोर रोखलेली नजर. आधुनिक भाषेत बोलायचे तर तो एक हेडशॉटच आहे. आणि त्याने केवढे काम केले! जिथे पुस्तक पोहोचले नाही, जिथे वाचणारा नव्हता, तिथे ते छायाचित्र पोहोचले. माणूस कोण होऊ शकतो हे त्याने एका अक्षराशिवाय सांगितले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बाबासाहेबांनी साहेबाचा पोशाख उचलला. मग आजच्या तरुणाने ब्रँडसाठी कोट घातला तर बिघडले कुठे? आक्षेप घेणारा पोशाख पाहतो, पण तो पोशाख कोणता नियम मोडतो हे पाहत नाही. कोणी काय नेसावे, दागिने कशाचे घालावेत, लुगडे कुठवर असावे, हे गावाने ठरवून दिले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी जे सांगितले ते याच संदर्भात वाचले पाहिजे. लुगडे उच्च म्हणविणाऱ्या स्त्रियांप्रमाणे नेसा आणि ज्यांवरून अस्पृश्य ओळखू येतात ते गळ्यातले-हातातले जडशीळ दागिने टाका, असा त्याचा आशय होता. तो नटण्यामुरडण्याचा उपदेश नव्हता. तो डाग पुसण्याचा कार्यक्रम होता, आणि तो जाहीर सभेत, हजारोंनी एकत्र येऊन, चवदार तळ्याच्या गावी हाती घेतलेला होता.

फरक आहे तो इथे. बाबासाहेबांनी कोट घातला तेव्हा जात झाकली नाही. गोलमेज परिषदेत ते त्याच कोटात अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. कोट घालूनही 'मी यांचा आहे' असे म्हणणे, यात त्या छायाचित्राचे सामर्थ्य आहे. आज ज्याला ब्रँड म्हणतात तो नेमके उलटे मागतो. तो म्हणतो, पार्श्वभूमी साधी ठेवा. फोटोग्राफरच्या पडद्यापुरते हे ठीक आहे. परंतु वस्ती, बोली, आडनाव, आईबापाचा धंदा या सगळ्या पार्श्वभूमीवरच पांढरा पडदा टाकायचा असेल, तर उरतो तो चेहरा कोणाचा? बाबासाहेबांच्या छायाचित्राने एका माणसामागे लाखोंना उभे केले. ब्रँडचे छायाचित्र लाखोंतून एकाला उचलते आणि बाकीच्यांना चौकटीबाहेर ठेवते.

ही जाण आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेत गुलामगिरीतून 1838 साली निसटलेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकात त्या देशात सर्वाधिक छायाचित्रे काढून घेतलेल्या माणसांपैकी होते. त्यांची सुमारे 160 निरनिराळी छायाचित्रे संशोधकांनी शोधून काढली आहेत. 1861 साली बॉस्टनला त्यांनी चित्रे आणि प्रगती या विषयावर व्याख्यान दिले. गोऱ्यांच्या व्यंगचित्रांत काळा माणूस कायम दात काढून हसणारा, धन्यावर खूश असा दाखविलेला असे. डग्लस छायाचित्रात जवळजवळ कधीच हसले नाहीत. बेताचे हसू ठेवा असे सांगणाऱ्या आजच्या सल्लागाराने या न हसण्याचा विचार करावा. हसण्याची सक्ती कोणावर असते? ज्याला समोरच्याची मर्जी राखायची असते त्याच्यावर.

दुसरे उदाहरण सोजर्नर ट्रुथ यांचे. त्याही गुलामगिरीत जन्मल्या, लिहिता-वाचता येत नव्हते. सभांना जात तेव्हा आपल्या छायाचित्रांची छोटी कार्डे विकून त्या चरितार्थ चालवीत. आपली सावली विकून आपण देह जगवतो, अशा अर्थाची ओळ त्या कार्डांवर छापलेली असे. 1864 साली त्यांनी त्या छायाचित्रांचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. ज्या बाईचा देह एके काळी दुसऱ्याच्या मालकीचा होता, तिने आपल्या सावलीची मालकी कायद्याने आपल्याकडे घेतली! छायाचित्र विकणे हे पाप नव्हे हे ट्रुथ शिकवितात. विक्री कोणाच्या हातात आहे, एवढेच पाहायचे.

*

आपल्या साहित्याने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधायला घेतले आहे. दया पवारांच्या 'बलुतं'ची (1978) रचना आठवावी. त्यात बोलणारा आहे दगडू मारुती पवार आणि ऐकणारा आहे दया पवार. दया पवार म्हणजे कचेरीत बसणारा, कवी म्हणून मान्यता पावलेला, सभेत खुर्ची मिळणारा माणूस. दगडू म्हणजे महारवाडा आणि कावाखाना. एकाच देहात राहणाऱ्या या दोघांची गाठ घालून देणे हे त्या पुस्तकाचे धाडस. हेडशॉटच्या सल्लागाराने दयाला खुर्चीवर बसविले असते आणि दगडूला खोलीबाहेर उभे केले असते. पवारांनी दगडूला बोलू दिले. म्हणूनच त्या पुस्तकाला चेहरा आहे. दलित आत्मकथन म्हणजे हात न फिरवलेले छायाचित्र होय, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही 1963 च्या संग्रहातील कथा याची दुसरी बाजू दाखविते. रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण जात झाकून राहतो. त्याच्या बुद्धीवर, त्याच्या कवितेवर माणसे खूश असतात. जात उघडी पडते आणि तीच माणसे त्याला झोडपतात. म्हणजे त्याने ब्रँड उत्तम घडविला होता! तो टिकला किती? एका आडनावाचा उच्चार होईपर्यंत. आज भुसावळ-सुरत मार्गाच्या गाड्यांत नंदुरबार-नवापूरहून चढणारी मुले मोबाइलमध्ये आपले छायाचित्र आणि अर्ज घेऊन सुरतेकडे जातात. बागुलांचा नायक त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेला आहे, फक्त त्यांना तो दिसत नाही.

या मुलांना दोष देणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावात. दलित नावाच्या अर्जदाराला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जदाराच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांश निघाली. मुसलमान नावाची तर एकतृतीयांश. अशा बाजारात एखाद्याने आडनाव गाळले, गावाचे नाव टाळले, तर तो चोर नव्हे. चोरी करायला लावणारी व्यवस्था चोर आहे. मात्र म्हणूनच हेही बजावले पाहिजे की चांगल्या छायाचित्राने ही दोनतृतीयांशाची दरी बुजत नाही. दरी अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यात असते, अर्जदाराच्या चेहऱ्यात नसते. 'तुझा ब्रँड कमी पडला' असे सांगणे म्हणजे व्यवस्थेचा गुन्हा त्या मुलाच्या नावावर लिहिणे होय.

*

आणि रंगाचे काय? कॅमेरा तटस्थ असतो असे आपण मानतो. तसे नाही. कोडॅकची रंगीत फिल्म दीर्घकाळ गोऱ्या कातडीला प्रमाण धरून जुळविली जात होती. प्रयोगशाळांकडे जी नमुन्याची कार्डे जात त्यांवर गोरी बाई असे. काळ्या कातडीच्या छटा फिल्मवर हरवतात, ही काळ्या लोकांची तक्रार बराच काळ ऐकली गेली नाही. लाकडी सामानाचे आणि चॉकलेटचे कारखानदार तपकिरी छटा नीट उठत नाहीत म्हणून कुरकुरले, तेव्हा कंपनीचे लक्ष तिकडे गेले. माणसाच्या कातडीपेक्षा लाकडाच्या रंगाची कदर आधी झाली! आपल्याकडे 1975 साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले. 2020 साली त्याच्या नावातील गोरेपणा गेला, मनातील गेला का? स्टुडिओत काचेवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करीत, ते काम आता मोबाइल न सांगता करतो. सातपुड्याच्या उन्हात तापलेला रंग एका बोटाने पुसला जातो. जो चेहरा आईने ओळखू नये त्याला चांगला फोटो म्हणायचे!

म्हणून माझे म्हणणे असे. आपल्या मुलामुलींनी स्टुडिओत जरूर जावे. कोट घालावा, पातळ नेसावे, पावरी दागिने घालावे, जे मनाला येईल ते घालावे. पण ते आपण निवडलेले असावे. उजळपणाची कळ बंद करायला सांगावे. हसू आले तर हसावे, न आले तर डग्लसप्रमाणे समोर बघावे. छायाचित्राखाली पूर्ण नाव आणि गाव लिहावे, जिथे लिहिल्याने पोट मारले जाईल तिथे न लिहिण्याचा हक्कही आपल्याकडे ठेवावा. त्या न लिहिण्याची लाज मात्र आपण बाळगू नये. ज्याने ती वेळ आणली त्याने बाळगावी.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचे आहे. आपली नियतकालिके, आपली पुस्तके, आपल्या सभांची पत्रके यांतही कष्टकऱ्यांची नावाशिवायची छायाचित्रे छापली जातात. 'वीटभट्टीवरील मजूर', 'मोर्चातील स्त्री', 'आदिवासी मुले' एवढ्यावर आपणही भागवितो. प्रस्थापितांना जो जाब विचारायचा तो आधी स्वतःला विचारावा. यापुढे ज्याचा चेहरा छापायचा त्याला आधी विचारावे, तो म्हणेल तेच नाव खाली छापावे, आणि छापलेली एक प्रत त्याच्या घरी पोचती करावी. टेंभली असो की काठी, रस्ता लांब आहे म्हणून हे काम टाळू नये.